दाबून बघ

बाजारात त्याला दाबूशेठ म्हणत. शेठ म्हणावं असं त्याच्याकडे काही नव्हतं. जिन्याखालचं दुकान, एक गिऱ्हाईक बसलं की दुसऱ्यानं उभं राहायचं, आणि तेही मान वाकवून, कारण डोक्यावर लगेच पायऱ्या. 'दाबू' हे नाव मात्र त्यानं स्वतः कमावलेलं होतं. कुणाचाही फोन येवो, लॅपटॉप चालू होत नाही, पडद्यावर रेघा येतात, आवाज गेला, याचं पहिलं उत्तर ठरलेलं: "दाबून बघा." शेजारचा झेरॉक्सवाला म्हणायचा, "उद्या कुणी पोट दुखतं म्हणून आलं तरी हा तेच सांगणार."

आणि गंमत म्हणजे निम्म्या लोकांना ते लागू पडायचं. दाबूकडे यायचे ते ऑफिसांनी वापरून टाकून दिलेले लॅपटॉप. काळे, जाड, कोपरे झिजलेले, पाठीवरचं कंपनीचं स्टिकर अर्धवट खरवडलेलं. असली यंत्रं सहसा मरत नाहीत, सैल पडतात. मेमरीची पट्टी खाचेतून केसभर सरकते, पडद्याची केबल बिजागरीपाशी ढिली होते, कीबोर्डची रिबन कडीतून निसटते. नेमक्या जागी अंगठा दाबला की यंत्र डोळे उघडतं. ती जागा कुठल्या मॉडेलात कुठे असते हे दाबूला तोंडपाठ होतं, आणि त्याचा त्याला थोडा माजही होता.

हात त्याचा खरंच चांगला होता. लॅपटॉप उघडला की स्क्रू ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं चुंबकाच्या पाटीवर मांडायचा. पंख्यात लोकरीसारखी गच्च बसलेली धूळ चिमट्यानं अलगद ओढून काढायचा, चिप गार ठेवणारी, पण वाळून खडू झालेली जुनी पेस्ट पुसून नवी लावायचा, बिजागरीला तेलाचा थेंब द्यायचा. त्याच्या हातून गेलेलं यंत्र पुन्हा गरम होऊन बंद पडलं असं सहसा व्हायचं नाही. कान मात्र हातासारखा नव्हता. आणि या गोष्टीत सगळं घोडं कानापाशीच अडलेलं आहे.

त्याला एकच बहीण, मोठी. दाबूला टक्कल पडलं, चाळिशीचा चष्मा लागला, तरी ती त्याला छोट्याच म्हणायची. ऑफिसांच्या बैठकांची रेकॉर्डिंगं तिच्याकडे यायची, ती हेडफोन लावून टाइप करून द्यायची. कोण काय बोललं, कोण मध्येच उठून गेलं, सगळं. तिचा नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात नोकरीला होता. तो म्हणायचा, "आमच्या बाईसाहेब दिवसभर परक्या पुरुषांना कानात घेऊन बसतात, आणि मी चहा मागितला की म्हणे ऐकू आलं नाही."

ताईचा लॅपटॉप दाबूनंच दिलेला. एका कंपनीनं काढून टाकलेल्या ढिगाऱ्यातून त्यानं स्वतः निवडला होता, कीबोर्ड बघून. कळा खोल आणि ठसठशीत. बोटाला कळतं की दाबली गेली. ताईला तो इतका आवडला की नवा घे म्हणणाऱ्याशी ती भांडायची. देताना दाबू म्हणाला होता, "दर वर्षी मी उघडून बघत जाईन. तू फक्त बडव."

पहिल्या वर्षी त्यानं बघितला. दुसऱ्या वर्षीही. मग 'बघतो' सुरू झालं. तिनं म्हणावं, छोट्या, पंखा फार ओरडतो रे. यानं म्हणावं, बघतो. तिनं म्हणावं, बॅटरी अर्ध्या तासात बसते. यानं म्हणावं, अगं, प्लग लावूनच वापर, बघतो मी. गिऱ्हाईकाला 'बघतो' म्हटलं तर ते दुसरं दुकान गाठतं. बहीण कुठे जाणार? तिच्याकडे रविवारी जेवायला जायचा, पोटभर जेवायचा, लॅपटॉप खोलीतल्या टेबलावर धापा टाकत असायचा आणि हा हात धुऊन बाहेरच्या बाहेर निघायचा. वाईट माणूस होता असं नाही. घरचं काम कधीही करता येतं म्हणून कधीच होत नाही, त्यातला प्रकार.

त्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा दाबूनं एक केसाएवढी कडी प्लास्टिकच्या पातीवर तोलून धरली होती. फोन खांदा आणि कान यांच्यात.

"छोट्या, ती माउसची पट्टी आहे ना खालची, ती क्लिकच होत नाही रे. थोडी वर आल्यासारखी पण वाटते."

"दाबून वापर गं."

"जोरात दाबू? काही होणार नाही ना?"

"काय होणार आहे? दाब. रविवारी येतोय ना मी, बघतो."

कडी बसली. फोन बंद झाला.

आता ताईच्या त्या दोन वाक्यांत काय होतं ते सांगायला हवं. त्या बनावटीच्या लॅपटॉपात बॅटरी आतच असते, चपटी, बरोबर त्या पट्टीच्या खाली. म्हातारी झाली की ती फुगते आणि पट्टीला खालून उचलते. पट्टी क्लिक होत नाही आणि पट्टी वर आली आहे, या दोन तक्रारी कुणी एका दमात सांगितल्या, तर दुरुस्तीवाल्यानं हातातलं टाकून ओरडायचं असतं: प्लग काढ, बंद कर, हात लावू नकोस. या धंद्यात कालपरवा आलेल्यालाही हे ठाऊक असतं. दाबूला तर चांगलंच ठाऊक होतं. फुगलेल्या बॅटऱ्या टाकायला त्यानं दुकानाबाहेर वाळूची बादली ठेवली होती, आणि तिच्यात कुणी थुंकलं तर तो भांडायला उठायचा.

ताईनं भावाचं ऐकलं. बोटानं दाबून बोट दुखायला लागलं, तेव्हा तिनं डोकं चालवलं. काम नसेल तेव्हा लॅपटॉपचं झाकण मिटायचं, त्यावर जाडजूड शब्दकोश, आणि शब्दकोशावर इस्त्री. दबून दबून पट्टी बसेल जागेवर. भाऊ दाब म्हणाला आहे तर नीटच दाबू, अर्धवट कशाला?

शनिवारी दुपारी तिनं इस्त्री उतरवली, प्लग लावला, काम सुरू केलं. पट्टी अजून अडत होती म्हणून अंगठ्यानं जोर दिला. आतून फस्स झालं. आधी गोडसर घाणेरडा वास, मग पांढरा धूर, मग कडेच्या फटीतून जाळ. टेबलाला लागून पडदा होता. पडद्यापासून लांब करायला म्हणून तिनं ते जळतं यंत्र उजव्या हातानं ओढलं. नवरा आतून धावत आला, त्यानं प्लग उपटला, केरसुणीनं लॅपटॉप गॅलरीत ढकलला आणि त्यावर बादल्या ओतल्या. मग त्यानं बायकोचा हात बघितला.

दाबू हॉस्पिटलात पोचला तेव्हा भाऊजी कॉरिडॉरमध्ये बाकावर बसले होते. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, शर्टाला धुराचा वास. एरवी हा माणूस मेहुण्याला बघितल्याबरोबर "या शेठ, धंदा काय म्हणतोय?" म्हणून टोपी उडवायचा. आता त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "हे झालं कसं रे?"

ताईची फोनवरची दोन वाक्यं दाबूला रस्ताभर ऐकू येत होती. तो तोंड उघडणार, इतक्यात भाऊजीच म्हणाले, "चार्जर. जुन्याची वायर तुटली म्हणून मी रस्त्यावरच्या एका गाडीवरून घेतला होता. तुला विचारलं नाही. म्हटलं, दर वेळी काय शेठला त्रास द्यायचा. त्यानंच झालं का रे?"

दाबू म्हणाला, "असू शकतं."

खोटं बोलला असं म्हणता येणार नाही. भिकार चार्जरनं असं होऊ शकतं, हे खरंच आहे. दाबूनं पुढे कितीतरी दिवस स्वतःची हीच समजूत घातली. पण समोरच्या माणसानं स्वतःची मान पुढे केली आणि आपण सुरी हळूच तिच्यावर ठेवून बाजूला झालो, हे त्याला त्या बाकाशी उभं असतानाच कळलं होतं. भाऊजींनी डोकं हातात धरलं. दाबूनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताची त्याला तेव्हाच लाज वाटली, पण त्यानं तो काढला नाही.

'असू शकतं'चं 'आहेच' व्हायला वेळ लागला नाही. दाबूची बायको म्हणाली, "घरात मेहुणा दुकानदार असताना रस्त्यावरून घ्यायची गरज काय होती?" शेजारी म्हणाले, स्वस्ताईच्या नादानं माणसाची मती जाते. आणि भाऊजी सगळ्यांना स्वतःहून सांगत सुटले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला खुर्ची द्यायचे आणि पाणी द्यायच्या आधी सांगायचे, "माझ्यामुळे झालं." ताई अंथरुणावर पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून ऐकायची. काही बोलायची नाही. औषधांनी गुंगी येत असेल, असं दाबूला वाटायचं.

चार्जर त्यानं दुकानात आणला होता, जळक्या लॅपटॉपसोबत. शटर अर्धं ओढून त्यानं मीटरच्या सुया लावल्या. पाठीवर एकोणीस पॉइंट पाच व्होल्ट छापलेलं, मीटरवर एकोणीस पॉइंट पाच. भार टाकून बघितला, वायर हलवून बघितली, तासभर चालू ठेवून हात लावून बघितला. गरमसुद्धा झाला नाही. रस्त्यावरचा असला तरी गुणी होता. मग त्यानं लॅपटॉपचे वितळलेल्या प्लास्टिकात अडकलेले स्क्रू कसेबसे काढले. बॅटरीच्या फुगलेल्या पाकिटावर मधोमध खोल घडी पडली होती आणि जाळ तिथूनच फुटला होता. वरून जोर आल्याशिवाय अशी घडी पडत नाही. मग त्यानं चार्जर खणात टाकला आणि खण बंद केला.

मी नीट ऐकलंच नव्हतं, असं त्यानं मनाशी ठरवायचा प्रयत्न केला. 'क्लिक होत नाही' एवढंच कानावर आलं, पुढचं गाडीच्या आवाजात गेलं. पण तसं नव्हतं. 'थोडी वर आल्यासारखी' हे त्यानं ऐकलं होतं, तिच्या आवाजासकट, 'वर'वर तिनं दिलेल्या हेलासकट. ऐकलं आणि सोडून दिलं, कारण बोलणारी ताई होती. हेच जर एखादा अनोळखी गिऱ्हाईक बोलला असता तर त्याचे कान टवकारले असते.

दुकानात त्याचं 'दाबून बघा' बंद झालं. आता फोनवर एकच उत्तर: "हात लावू नका, घेऊन या." लॅपटॉप आला की एक जुनं प्लास्टिकचं कार्ड आडवं ठेवून डोळा बारीक करून बघायचा, पट्टी कुठे उचलली आहे का. चार्जिंगची पिन दाखवायला आलेल्या माणसाचा लॅपटॉप यानं तळापासून उघडला, तेव्हा तो बिचारा म्हणाला, "अहो, मी नुसतं विचारायला आलो होतो." ज्याच्या त्याच्या बॅटऱ्या काढून तपासायच्या, संशय आला की सरळ वाळूत. झेरॉक्सवाला म्हणाला, "आता तुझं नाव काय ठेवायचं, उघडशेठ?" दाबू हसला नाही. दुसऱ्यांच्या बॅटऱ्या तपासल्यानं आपल्या मनावरचं ओझं उतरतं का, हे तो करून बघत होता. उतरत नव्हतं.

ताईचा हात बरा होत आला, पण शेवटची दोन बोटं आकसून राहिली. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता, आणि तो भाऊजी करून घ्यायचे. रविवारी दाबू गेला की हे दृश्य ठरलेलं. कोमट पाण्याचं भांडं, टॉवेल, आणि हा दांडगा माणूस तिची करंगळी चिमटीत धरून हळूहळू उघडतोय. "दुखतंय? थांबू? बरं, एवढंच." ती डोळे मिटून घ्यायची आणि ते ओठ चावायचे, जसं काही त्यांनाच दुखत होतं. पूर्वी या घरात नळ गळला, पंखा अडला, मिक्सर जळला की भाऊजी स्क्रूड्रायव्हर घेऊन हजर. पंपघरातला माणूस, यंत्राला काय भिणार? आता बल्ब गेला तरी ते म्हणायचे, बोलावू कुणाला तरी. घराबाहेर पडताना सगळे प्लग काढायचे आणि जिन्यावरून परत येऊन पुन्हा बघायचे. मेहुण्याला शेठ म्हणणंही त्यांनी सोडलं होतं. दाबूला त्या थट्टेची इतकी आठवण होईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

ताईसाठी त्यानं दुसरा लॅपटॉप शोधला. जुनाच, पण ज्याची बॅटरी मागून खटकन निघते असा, आणि कळा तशाच खोल. त्याच्याकडे आलेले तीन ढीग उपसले तेव्हा एक मिळाला. आतून बाहेरून धुऊनपुसून, नवी बॅटरी घालून तो तिच्याकडे घेऊन गेला, भाऊजी पंपघरात असतील अशा वेळी. वाटेत त्यानं मनाशी सगळं घोकून ठेवलं होतं. प्रत्यक्षात लॅपटॉप टेबलावर ठेवता ठेवताच बोलून गेला.

"ताई, चार्जरचा काही दोष नव्हता."

ती कळांवरून बोटं फिरवत होती, सरळ होणारी तीन. "माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तू दाब म्हणालास म्हणून मी दाबलं. दिवसभर लोकांचं बोलणं ऐकून लिहिते मी, छोट्या. माझ्या सख्ख्या भावाचं विसरेन?"

दाबू खुर्चीत बसला. "मग तू बोलली का नाहीस?"

"कुणाला? यांना? त्या वेळी यांनी तुझी गचांडी धरली असती. आणि बाहेर कळलं असतं तर दुकानात कोण आलं असतं तुझ्या? बहिणीचा हात जाळला म्हणून नाव झालं असतं. म्हटलं, हे चार्जरचं म्हणतायत तर म्हणू देत. यांचं काय, आज हळहळतील, उद्या विसरतील." ती थांबली. "हे विसरलेच नाहीत रे. इतकं मनाला लावून घेतील असं वाटलं नव्हतं मला."

"मी आज सांगतो त्यांना."

"अजिबात नाही." तिनं झटकन वर बघितलं. "आता सांगितलंस तर ते पहिलं काय विचारतील? तुला माहीत होतं का म्हणून मला विचारतील. रोज माझी बोटं उघडतात ते, माझ्याकडे बघून स्वतःला शिव्या देतात, आणि मी गप्प पडून असते. काय सांगू मी त्यांना? माझा भाऊ वाचावा म्हणून तुम्हाला जळू दिलं?" "तुला माझी शपथ आहे."

आपल्या 'असू शकतं' या दोन शब्दांनी एक माणूस मोडला एवढंच दाबूला ठाऊक होतं. त्या दोन शब्दांनी बहिणीलाही खोटेपणात ओढलं, हे आज कळलं. तिनं चहा केला, डाव्या हातानं.

पुढच्या आठवड्यात भाऊजी स्वतः दुकानात आले. याआधी ते कधी आले नव्हते. "मेहुण्याच्या दुकानात गेलं की फुकट्या म्हणतात," असं म्हणायचे. मान वाकवून आत शिरले आणि एक कापडी पिशवी काउंटरवर ओतली. मोबाइलचे चार्जर, दाढीच्या यंत्राचा, रेडिओचा, कुठल्यातरी कधीच्या मेलेल्या फोनचा. वायरींचा एकच गुंता.

"घरातले सगळे आणलेत," ते म्हणाले. "एकेक बघ. ज्यात जरा शंका असेल तो परत देऊ नकोस. मला आता काही कळत नाही बाबा यातलं."

पंपघरातली माणूसभर उंच यंत्रं हाताळणारा हा माणूस दाढीच्या यंत्राचा चार्जर दोन बोटांत धरून उभा होता. दाबूचा धीर सुटला. ताईची शपथ त्याला आठवली; पण ती आठवत असतानाच हात खणाकडे गेलाही होता. त्यानं तो रस्त्यावरचा चार्जर काढला, प्लगात घातला, मीटर लावला आणि भाऊजींच्या पुढे सरकवला.

"हा बघा. किती हवं ते पाठीवर लिहिलंय. किती येतंय ते इथे."

भाऊजींनी चष्मा लावून दोन्ही आकडे वाचले. पुन्हा वाचले. "म्हणजे?"

"म्हणजे तुमचा चार्जर चांगला आहे. पहिल्यापासून चांगला होता. ताईनं मला फोन केला होता, पट्टी वर आलीये म्हणून. बॅटरी फुगली होती, मला कळायला हवं होतं. मी म्हटलं, दाब. तिनं दाबलं. मी केलंय हे, भाऊजी. आणि त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हाच मला माहीत होतं."

बाहेर झेरॉक्सचं यंत्र कागद टाकत होतं. भाऊजी स्टुलावर बसले. ते ओरडतील, एखादी ठेवून देतील, याची दाबू वाट बघत होता. दिली असती तर त्याला बरंच वाटलं असतं. ते मीटरकडेच बघत राहिले. हळूहळू त्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं दिसलं. श्वास सोडून ते म्हणाले, "दाबल्यानं झालं, हे तिला माहीत आहे?"

या प्रश्नाची तयारी दाबूनं केलेली नव्हती. खरं सांगितलं तर संध्याकाळी हा माणूस कुठल्या मनानं ती बोटं हातात घेईल?

"नाही," दाबू म्हणाला. "तिला वाटतं चार्जरच."

"नक्की?"

"नक्की."

भाऊजींनी मान हलवली. वायरींचा गुंता पिशवीत भरायला लागले, एकही न तपासता. "मग राहू दे तसंच. तिला सांगू नकोस."

"अहो, पण तुमच्यावर..."

"माझं सोड. नवरा आहे मी. आधीच माझ्या नावावर इतकं आहे, त्यात हे एक खपून जाईल." किती दिवसांनी त्यांच्या तोंडावर जुनं हसू आलं. "तुझ्यावर तिचा फार जीव आहे रे. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असते, माझ्या भावानं हात लावला की यंत्र उठून बसतं. हात गेला तो गेला, निदान तेवढं तरी तिचं राहू दे. मला कळलं, मी सुटलो. बास झालं." उठताना त्यांचं डोकं पायरीला आपटलं. "शेठ, दुकान घ्या हो एखादं माणसांचं," असं म्हणून डोकं चोळत ते गेले.

शेठ हा शब्द दाबूच्या कानावर कितीतरी आठवड्यांनी पडला होता. तो मान खाली घालून चुंबकाच्या पाटीवरचे स्क्रू उगाच इकडचे तिकडे करत राहिला.

त्या रविवारी तो जेवायला गेला. खालच्या मजल्यावरच्या बाई ताईचा नवा लॅपटॉप बघायला आल्या होत्या. ताई त्यांना बॅटरी काढून दाखवत होती, खटकन अशी निघते, अशी बसते. बाई म्हणाल्या, "पण आधीच्याचं झालं तरी काय होतं नेमकं?"

ताईनं एकदा दाबूकडे बघितलं. मग नेहमीच्या ठसक्यात म्हणाली, "अहो, आमच्या यांचा तो रस्त्यावरचा चार्जर. दुसरं काय? माझ्या भावानं तर किती जपून दिला होता."

"खरं आहे," भाऊजी लगेच म्हणाले. "माझीच अक्कल गहाण पडली होती." आणि बायकोच्या डोक्यावरून दाबूकडे बघून त्यांनी हळूच डोळा मिचकावला.

बाई हसल्या. ताई हसली, भाऊजी हसले. दोघांचीही नजर दाबूवर होती, एकमेकांपासून चोरून, त्याचं सगळं ठीक आहे ना ते बघायला. मग तोही हसला.